होकिन आणि होकिन

शास्त्रीय लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. ती कोणी वाचत नाही, फक्त मोजतात. पेशींमधल्या संदेशवहनावरचा कुठलाही जुना आढावा काढून बघा, त्या यादीत एक नोंद बहुतेक वेळा सापडेल : होकिन एम. आर. आणि होकिन एल. ई., १९५३. मी बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. हा धडा आला की मी मुलांना विचारायचो, हे दोघं एकमेकांचे कोण असतील? बहुतेकांचं उत्तर यायचं, भाऊ. एखादा म्हणायचा, बापलेक. नवरा-बायको असतील असं फार थोड्यांना सुचायचं, आणि त्यातलं पहिलं नाव बायकोचं आहे हे कळल्यावर वर्गात जरा चुळबुळ व्हायची.

मेबल होकिन आणि लोवेल होकिन. पाठ्यपुस्तकात आज जी आकृती एका पानात संपते, ती त्यांच्या एका निबंधापासून सुरू झाली. पण त्या निबंधाचा अर्थ लागायला तीस वर्षं गेली, आणि तो अर्थ लावणारे लोक वेगळे होते. विज्ञानाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त कुतूहल कशाचं असेल, तर या मधल्या तीस वर्षांचं.

०

गोष्टीची सुरुवात इंग्लंडमधल्या शेफिल्डची. तिथे हान्स क्रेब्ज यांचा विभाग होता. हे तेच क्रेब्ज, ज्यांच्या नावाचं चक्र बारावीपासून विद्यार्थ्यांच्या मानगुटीवर बसतं. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून ते इंग्लंडला आले होते. त्यांच्याकडे कामाची एक पद्धत होती : प्राण्याच्या अवयवाचे ताजे, पातळ काप करायचे, ते योग्य द्रावणात जिवंत ठेवायचे आणि त्यात काय बदलतं ते मोजायचं. लोवेल होकिन अमेरिकेत डॉक्टरी शिकून या विभागात संशोधनासाठी आले. मेबल नीव्हर्सन तिथेच संशोधन करत होत्या. लोवेल यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाचे काप घेऊन ते पाचक विकरं कशी बनवतात आणि बाहेर सोडतात, याचा अभ्यास केला. पुढे दोघांनी लग्न केलं आणि कॅनडात माँट्रियलला क्वास्टेल यांच्या प्रयोगशाळेत गेले. क्वास्टेल मूळचे शेफिल्डचेच, त्यामुळे शेफिल्डचं वळण तिथेही होतंच.

स्वादुपिंडाच्या कापांवर अॅसिटिलकोलिन टाकलं की त्यातल्या पेशी विकरं सोडू लागतात. अॅसिटिलकोलिन म्हणजे मज्जातंतूंच्या टोकाशी पाझरणारं, पेशीला ‘कामाला लाग’ असं सांगणारं रसायन. होकिन दांपत्याला बघायचं होतं, की पेशी अशा कामाला लागल्या की त्यांच्यातल्या आरएनएची उलाढाल वाढते का. त्यासाठी त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरस वापरला, फॉस्फरस-३२. दर चौदा दिवसांनी हा जवळपास निम्मा होतो, म्हणून त्याच्यासोबत काम करणाऱ्याला रेंगाळून चालत नाही. पेशीने नवीन काही बांधलं की त्यात हा फॉस्फरस शिरतो आणि मोजणीयंत्र ते सांगतं.

मोजणी वाढलेली दिसली. पण आरएनए नीट शुद्ध करून पाहिल्यावर लक्षात आलं की वाढ आरएनएची नाहीच. आरएनएसोबत थोडे स्निग्ध पदार्थ मिसळून आले होते, आणि वाढलेला किरणोत्सार त्या भेसळीत होता.

अशा वेळी बहुतेक लोक काय करतात? भेसळ काढून टाकतात. पद्धत सुधारतात, मूळ प्रश्नाकडे परत जातात. होकिन यांनी भेसळच हातात घेतली. पेशींमधले फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फरस असलेले मेद, वेगळे काढून मोजले. अॅसिटिलकोलिन दिल्यावर त्यांच्यात शिरणारा फॉस्फरस कित्येक पटींनी वाढत होता. अॅट्रोपिन हे अॅसिटिलकोलिनला अडवणारं औषध आधी दिलं, तर ही वाढ नाहीशी होत होती. म्हणजे हा योगायोग नव्हता. बाहेरून आलेल्या हुकमाला पेशीच्या चरबीने दिलेलं ते उत्तर होतं.

हे १९५३ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना प्रसिद्ध झाली आणि क्रेब्ज यांना नोबेल मिळालं. कबुतराच्या स्वादुपिंडातल्या चरबीकडे जगाचं लक्ष जाण्याचं काही कारण नव्हतं.

०

त्या काळी पेशीभोवतीच्या पटलाची कल्पना साधी होती. दोन पदरी चरबीचा पापुद्रा, आत-बाहेर वेगळं ठेवणारा. भिंत म्हणा ना. भिंतीचं काम उभं राहणं, बोलणं नव्हे. आणि इथे हे दोघं सांगत होते, की दारावर थाप पडली की भिंतीच्याच विटा बदलल्या जातात.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी कुठल्या विटा ते शोधून काढलं. पटलातले सगळे मेद यात सामील नव्हते. बदल मुख्यतः दोघांत होता : एक फॉस्फॅटिडिक आम्ल आणि दुसरा फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल. यातलं इनॉसिटॉल आपल्या रोजच्या खाण्यात असतं. सहा कार्बनची कडी असलेला, साखरेच्या कुळातला हा पदार्थ. गव्हाच्या कोंड्यात आणि कडधान्यांत तो सहा फॉस्फेटं लावून बसलेला असतो. तेच फायटिक आम्ल. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, आणि मटकीला मोड आणले की कमी होतं. पेशीच्या पटलात हेच इनॉसिटॉल चरबीच्या रेणूच्या डोक्यावर बसवलेलं असतं. पटलात अशा रेणूंचं प्रमाण थोडं. घरातल्या सामानात सुईचं असावं तसं.

निरीक्षण पक्कं होतं. पण त्याचा अर्थ काय?

होकिन दांपत्याचा पहिला अंदाज साहजिक होता. स्वादुपिंड विकरं बाहेर टाकतं, ती पटलातून बाहेर पडतात, त्या उलथापालथीत चरबी बदलत असेल. पण १९५५ मध्ये त्यांनीच दाखवलं की मेंदूच्या कापांमध्येही अॅसिटिलकोलिनने चरबीची अशीच उलाढाल होते. मेंदू काही पाचक विकरं सोडत नाही. अंदाज ढिला पडला.

१९५७ मध्ये दोघं अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. त्याच सुमारास समुद्रपक्ष्यांच्या डोक्यात मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते हे उजेडात आलं होतं. खारं पाणी पिऊनही हे पक्षी जगतात ते तिच्या जोरावर, आणि तिला चालू करतं अॅसिटिलकोलिन. होकिन यांनी ती ग्रंथी घेतली. तिथेही तोच परिणाम, ठसठशीत. आता त्यांनी मोठी झेप घेतली : फॉस्फॅटिडिक आम्ल हेच सोडियमला पटलातून पलीकडे नेणारं वाहन असावं. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं गेलं. कल्पना देखणी होती, पण टिकली नाही. सोडियम वाहून नेणारा पंप प्रथिनाचा आहे, हे डेन्मार्कच्या येन्स स्कू यांच्या कामातून पुढे येत होतं. लोवेल होकिन यांनी आपली कल्पना सोडली. सोडली म्हणजे नुसती गप्प बसून विसरली नाही. १९७०च्या दशकात त्यांच्याच प्रयोगशाळेने लहान शार्कच्या ग्रंथीतून तो प्रथिनाचा पंप शुद्ध करून दाखवला. आपल्याला हरवणाऱ्या कल्पनेसाठी इतकी मेहनत घेणारे लोक फार नसतात.

मीठग्रंथीचं काम मात्र वाया गेलं नव्हतं. उत्तेजना थांबवली, की फॉस्फॅटिडिक आम्लाचं परत फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे हे चक्र होतं. एक रेणू मोडतो, त्याचा दुसरा होतो, आणि मग पुन्हा पहिला बांधला जातो.

इथे एक गोष्ट समजून घेतली तर तीस वर्षं का लागली ते कळतं. किरणोत्सारी फॉस्फरस शिरतो तो बांधणीत, मोडणीत नाही. होकिन जे मोजत होते ती दुरुस्ती होती. गल्लीत रोज सकाळी गवंडी खिडक्या बसवताना दिसावेत, आणि रात्री त्या कोण फोडतं ते कोणी पाहिलेलं नसावं, तसा हा प्रकार. पेशीला हुकूम मिळाल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय मोडतं हा खरा प्रश्न होता, आणि तो या मोजणीत दिसणं शक्य नव्हतं.

०

दरम्यान दुसरीकडे मोठी गोष्ट घडली होती. अर्ल सदरलंड यांनी सायक्लिक एएमपी शोधलं. संप्रेरक पेशीच्या दारापर्यंत येतं, आत जात नाही. आतला निरोप हा दुसराच रेणू नेतो. या दुय्यम निरोप्याच्या कल्पनेला १९७१ मध्ये नोबेल मिळालं. पण सगळी संप्रेरकं सायक्लिक एएमपी वाढवत नव्हती. काहींच्या बाबतीत पेशीच्या आत कॅल्शियम वाढायचं. ते कोणाच्या सांगण्यावरून वाढतं, ते ठाऊक नव्हतं.

१९७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मिशेल यांनी एक लांबलचक आढावा लिहिला. वीस-बावीस वर्षांत निरनिराळ्या उतींमध्ये, निरनिराळ्या प्राण्यांत लोकांनी होकिन परिणाम पाहून ठेवला होता. मिशेल यांनी ते सगळं एका जागी मांडलं आणि त्यातली संगती दाखवली : जिथे जिथे इनॉसिटॉलच्या मेदाची उलाढाल वाढते, तिथे तिथे पेशीतलं कॅल्शियम वाढतं. त्यांचं म्हणणं असं की मेद मोडणं हे कारण आणि कॅल्शियम वाढणं हा परिणाम. अनेकांना हे उलट वाटत होतं. वाद बरीच वर्षं चालला. मला या निबंधाचं महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. त्यात मांडणीचा पाया दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या, अर्थ न लागलेल्या मोजण्या हा होता. त्या मोजण्या कोणी ‘यातून निष्पन्न काय’ म्हणून टाकून दिल्या असत्या, तर जोडायला मिशेल यांच्या हाती काही उरलं नसतं.

वाद मिटवला एका माशीने. मायकेल बेरिज हे जन्माने ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचे. केंब्रिजला ते कीटकांच्या शरीरक्रियेवर काम करायचे. मांसावर घोंगावणाऱ्या निळ्या माशीची लाळग्रंथी हा त्यांचा आवडीचा विषय. ती ग्रंथी म्हणजे एक बारीक नळी. सेरोटोनिन टाकलं की लाळ सुटते, काढलं की थांबते. १९७९ मध्ये जॉन फेन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की सेरोटोनिन फार वेळ दिलं तर ग्रंथी दमते, आणि बाहेरून इनॉसिटॉल दिलं की पुन्हा ताळ्यावर येते. म्हणजे मेद खरोखरच मोडत होता आणि इनॉसिटॉल वाहून जात होतं.

बेरिज यांनी मग चरबी मोजणं सोडून चरबी मोडल्यावर पाण्यात उतरणारे तुकडे मोजायचं ठरवलं. मदतीला आलं लिथियम. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या रुग्णांना हे औषध १९४९ पासून माहीत होतं. अमेरिकेत विल्यम शर्मन यांच्या गटाने दाखवलं होतं की लिथियममुळे इनॉसिटॉलच्या तुकड्यावरचं शेवटचं फॉस्फेट निघायचं अडतं. मोरीची जाळी तुंबवल्यासारखं. पाणी कुठून येतंय ते मग साचलेल्या पाण्यावरून कळतं. बेरिज यांनी जाळी तुंबवली आणि सेकंदासेकंदाला मोजलं. सगळ्यात आधी वाढत होता तीन फॉस्फेटं असलेला तुकडा, इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट. म्हणजे मोडणारा मेदही होकिन यांना दिसलेला साधा फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल नव्हता. त्याचा जादा दोन फॉस्फेटं लावलेला, फारच थोडा असणारा भाऊ होता. मिशेल यांचा गट यकृताच्या पेशींवरून याच दिशेला आला होता.

हा तुकडाच कॅल्शियम सोडवतो का? केंब्रिजजवळ बेब्रहॅमला रॉबिन अर्व्हाइन यांच्याकडे तो शुद्ध स्वरूपात होता. जर्मनीत फ्रँकफुर्टला इरेने शुल्त्स आणि हान्स-पेटर श्ट्रेब यांच्याकडे उंदराच्या स्वादुपिंडातल्या अशा पेशी होत्या, ज्यांच्या पटलाला भोकं पाडून आत रसायन सोडता येत होतं. तुकडा तिथे गेला. तो टाकला आणि पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर आलं. चौघांच्या नावाने ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये.

कबुतराच्या स्वादुपिंडापासून उंदराच्या स्वादुपिंडापर्यंत, बरोबर तीस वर्षं.

०

मोडलेल्या मेदाचा एक तुकडा पाण्यात उतरून आत गेला. दुसरा पटलातच राहिला, डायअॅसिलग्लिसेरॉल. त्याचं काम जपानमध्ये कोबे इथे यासुतोमी निशिझुका यांनी उलगडलं. १९७७ मध्ये त्यांना एक विकर सापडलं होतं, पुढे त्याला प्रोटीन कायनेज सी हे नाव पडलं. ते मेंदूतून काढलेल्या ओबडधोबड मेदाने जितकं चांगलं जागं व्हायचं तितकं शुद्ध मेदाने होत नव्हतं. शुद्धीकरणात काहीतरी निघून जात होतं. ते काहीतरी म्हणजे डायअॅसिलग्लिसेरॉल. इथेही भेसळच निघाली! पुढे १९८२ मध्ये कळलं की फोर्बॉल एस्टर नावाची रसायनंही याच विकराला जागं करतात. त्यांचा मूळ स्रोत म्हणजे जमालगोट्याच्या बियांचं तेल. आपल्याकडचे वैद्य ते जुलाबासाठी जपून वापरत आले आहेत. ते कातडीला झोंबतं आणि प्राण्यांमध्ये कर्करोगाला खतपाणी घालतं, हे माहीत होतं. ते असं का करतं, याचा पहिला ठोस धागा इथे मिळाला. बाहेरून आलेलं रसायन पेशीच्या स्वतःच्या निरोप्याची नक्कल करत होतं, आणि पेशीला ते पटकन मोडून टाकता येत नव्हतं.

यानंतर दारं उघडत गेली. फलित होताना अंड्यात उसळणारी कॅल्शियमची लाट, रक्तवाहिनीचं आकसणं, रक्तातल्या चपट्या पेशींचं एकत्र येणं, अशा अनेक घटनांमागे हीच मोडतोड निघाली. इनॉसिटॉलच्या मेदावर आणखी एका जागी फॉस्फेट लावणारं विकर १९८८ मध्ये लुईस कँटली यांच्या गटाने ओळखलं. त्याच्या जनुकातले बदल स्तनाच्या कर्करोगात वारंवार सापडतात, आणि त्याला रोखणारं अल्पेलिसिब हे औषध २०१९ पासून वापरात आहे. हा धागा मुंबईलाही येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या गैती हसन यांनी फळमाशीतल्या इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटच्या ग्राहीचं जनुक शोधलं. १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे बंगळूरला त्यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक बिघडलं की माशीला उडता येत नाही. पंख असतात, स्नायू असतात, पण उडण्याची लय बसत नाही.

बेरिज आणि निशिझुका यांना १९८९ चा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढे वुल्फ पुरस्कारही. या निरोप्यांसाठी नोबेल मात्र कोणालाच मिळालं नाही. मेबल होकिन विस्कॉन्सिनला प्राध्यापक होत्या. लोवेल औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९९०च्या दशकातही लिथियम मेंदूत नेमकं काय करतं यावर निबंध लिहीत होते. त्यांच्याच निरीक्षणाने उघडलेल्या वाटेवरचं ते काम होतं.

०

या कारकिर्दीला यश म्हणायचं की अपयश? शोध त्यांचा, अर्थ दुसऱ्यांचा. त्यांनी दिलेली स्पष्टीकरणं एकामागून एक गळून पडली. आजच्या हिशोबाने बघितलं तर १९५३ ते १९७५ या काळात त्यांच्या कामाचं ‘निष्पन्न’ सांगणं अवघड गेलं असतं. आपल्याकडे संशोधन प्रकल्पाच्या अर्जात ‘अपेक्षित निष्पत्ती’ असा रकाना असतो. मी असे बरेच अर्ज भरले आहेत, आणि काही समित्यांवर बसून वाचलेही आहेत. एका समितीत एका तरुण मुलीचा अर्ज आला होता. तिला एका उतीत एक विचित्र बदल दिसला होता, आकडे नीट होते, पण त्यामागची यंत्रणा तिला सांगता येत नव्हती. ‘आधी यंत्रणा सुचवा, मग या,’ असं तिला सांगण्यात आलं. मी विरोधी मत नोंदवलं. त्याने निकाल बदलला नाही. त्या वेळी माझ्याकडे होकिन यांच्याखेरीज दुसरं उदाहरण नव्हतं, आणि समितीतल्या कोणाला त्यांची गोष्ट माहीत नव्हती. आकृती सगळ्यांना पाठ होती.

हीच माझी पाठ्यपुस्तकांबद्दलची तक्रार आहे. त्या आकृतीत बाण असतात, आणि बाण फार लवकर पोचतात. ग्राही, विकर, दोन तुकडे, कॅल्शियम. दहा गुणांचा प्रश्न. तीस वर्षं एक निरीक्षण स्पष्टीकरणाविना तग धरून होतं हे बाणांत दिसत नाही. ते तगलं, कारण मोजणी प्रामाणिक होती. कबुतरावर झाली, मेंदूवर झाली, समुद्रपक्ष्यावर झाली, आणि ज्याने कोणी पुन्हा केली त्याला तेच दिसलं. स्पष्टीकरणं चुकली तरी आकडे चुकले नव्हते. मिशेल यांना १९७५ मध्ये विश्वास ठेवता आला तो त्या आकड्यांवर.

आणि मेबल यांचं नाव. त्या पहिल्या निबंधात ते पहिलं आहे. नंतरच्या अनेक निबंधांत क्रम बदलत राहिला, आणि सगळे ‘होकिन परिणाम’ असं एकवचनी म्हणू लागले. दोन माणसांच्या वाट्याला एक आडनाव आलं, आणि आडनावावरून वाचणारा आपोआप पुरुषच डोळ्यांसमोर आणतो. काही इतिहासलेखांत आता दोघांची पहिली नावं मुद्दाम पूर्ण लिहितात. मला ते योग्य वाटतं. भेसळ म्हणून टाकून दिलं गेलं असतं ते ज्यांनी मोजलं, त्यांची नावं आद्याक्षरांत दडून राहू नयेत.